इंजिनिअरिंग कॉलेजची लायब्ररी पहिल्या सेमिस्टरपासून कशी वापरायची: नव्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या प्राध्यापकांसाठी

बारावी किंवा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला आलेली बहुतेक मुलं लायब्ररीत दोनच कामांसाठी जातात. सेमिस्टर सुरू झालं की दोन पुस्तकं उचलायला, आणि पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की रीडिंग हॉलमध्ये जागा धरायला. मग चौथ्या वर्षी प्रोजेक्ट येतो आणि सगळं एकदम अंगावर येतं: कोड (भारतीय मानक) कुठे मिळेल, शोधनिबंधाचा पेपर उघडत का नाही, रेफरन्स कसे लिहायचे. मी याच राज्यात बीई आणि एमई केलं, आता एका कॉलेजात शिकवते, आणि ही धावपळ दरवर्षी बघते. यातलं जवळजवळ सगळं पहिल्या वर्षातच शिकून घेता येतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावर उभा आहे. इंजिनिअरिंगच्या लायब्ररीतली खरी दौलत पाठ्यपुस्तकांच्या रॅकवर नसते. ती कोड, डेटा बुक, हँडबुक, जर्नल्स आणि ते शोधून देणारी माणसं यांच्यात असते. या सगळ्याचे पैसे तुमच्या फीमधून नाहीतर सरकारी अनुदानातून आधीच भरलेले असतात. ते न वापरता मुलं झेरॉक्सच्या दुकानात आणि कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवर अर्धवट पीडीएफ शोधत बसतात, हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवातीला लागणारी कागदपत्रं

- फी भरल्याची पावती आणि कॉलेजचं ओळखपत्र
- पासपोर्ट साइज फोटो, काही ठिकाणी दोन
- कॉलेजने दिलेला ईमेल आयडी आणि त्याचा पासवर्ड
- बुक बँकेसाठी अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती
- प्राध्यापकांसाठी नेमणुकीचं पत्र आणि एम्प्लॉयी कोड

१. खातं उघडा आणि ते चालू झालंय का ते तपासा

बऱ्याच कॉलेजांत आता ओळखपत्रावरचा बारकोडच लायब्ररीत चालतो, त्यामुळे मुलांना वाटतं की ॲडमिशन झाली म्हणजे लायब्ररीचं खातंही उघडलं. तसं होतंच असं नाही. ॲडमिशनची यादी ऑफिसकडून लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये जायला वेळ लागतो, आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीत किंवा थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची नावं हमखास मागे राहतात. पहिल्याच आठवड्यात देवघेव काउंटरवर जा, कार्ड स्कॅन करून घ्या, आणि स्क्रीनवर आपलं नाव, शाखा आणि मोबाइल नंबर बरोबर दिसतोय का ते विचारा. नंबर चुकलेला असेल तर पुस्तक परत करायच्या तारखेचा मेसेज तुम्हाला कधीच येणार नाही.

ओरिएंटेशनला लायब्ररीचा एक तास असतो. तो चुकवू नका. चुकलाच तर चार-पाच मित्रमैत्रिणींनी मिळून जा आणि ग्रंथपालांना सांगा, "मॅडम, आमचं ओरिएंटेशन राहिलंय, थोडं दाखवाल का?" मी अजून एकाही ग्रंथपालांना याला नाही म्हणताना ऐकलेलं नाही.

२. पुस्तक शोधायला शिका: ओपॅक, कॉल नंबर, रॅक

लायब्ररीच्या संगणकीय सूचीला ओपॅक म्हणतात. बहुतेक कॉलेजांत ती कोहा, सोल किंवा स्लिम अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर चालते आणि मोबाइलवरही उघडते. पुस्तकाचं पूर्ण नाव टाइप करू नका. लेखकाचं आडनाव आणि नावातला एखादा ठळक शब्द पुरतो. निकालात तीन गोष्टी बघायच्या: प्रत शिल्लक आहे का, ती घरी नेता येते का (संदर्भ प्रतीवर 'नॉट फॉर लोन' असं लिहिलेलं असतं), आणि कॉल नंबर काय आहे.

कॉल नंबर म्हणजे पुस्तकाच्या कण्यावरच्या चिठ्ठीवरचा आकडा. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत तो मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या दशांश पद्धतीने दिलेला असतो. तुमच्या शाखेचे दोन-चार आकडे पाठ झाले की ओपॅक बंद असतानाही तुम्ही थेट रॅकपाशी पोहोचता:

- गणित ५१०, त्यात कॅल्क्युलस ५१५
- प्रोग्रॅमिंग ००५, कृत्रिम बुद्धिमत्ता ००६.३
- इंजिनिअरिंग मेकॅनिक्स आणि मटेरियल्स ६२०.१
- इलेक्ट्रिकल ६२१.३, इलेक्ट्रॉनिक्स ६२१.३८१
- सिव्हिल ६२४, त्यात आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) ६२४.१८३४
- ऑटोमोबाइल ६२९.२, केमिकल ६६०

इथे दोन सापळे आहेत. पहिला दशांशाचा. ६२१.३८१ हा आकडा ६२१.४ च्या आधी येतो. ३८१ हे चारपेक्षा मोठं दिसतं म्हणून मुलं पुढच्या रॅकवर शोधतात आणि "पुस्तक नाही" म्हणून परत जातात. बिंदूनंतरचा एकेक अंक डावीकडून वाचत जा: आधी तीन, मग चार.

दुसरा सापळा जास्त नुकसान करतो. एकच विषय दोन रॅकवर असू शकतो. थर्मोडायनॅमिक्सची काही पुस्तकं भौतिकशास्त्रात ५३६.७ ला असतात आणि काही मेकॅनिकलमध्ये ६२१.४०२१ ला. फ्लुइड मेकॅनिक्सचंही तसंच, ५३२ आणि ६२०.१०६. मेकॅनिकलच्या रॅकवर सगळ्या प्रती इश्यू झालेल्या असतात, तेव्हा फिजिक्सच्या रॅकवर त्याच विषयाची चांगली पुस्तकं कुणी न उघडता पडलेली असतात. तुमच्या प्रत्येक विषयाचे दोन्ही आकडे एकदा ओपॅकवर बघून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

जुन्या काही कॉलेजांत विद्यार्थ्यांना रॅकपर्यंत जाऊ देत नाहीत. मागणी चिठ्ठी भरायची आणि काउंटरवरचे मामा पुस्तक काढून देतात. अशा ठिकाणी चिठ्ठीवर नुसतं नाव न लिहिता कॉल नंबरही लिहा आणि दुसरा पर्याय म्हणून आणखी एक पुस्तक लिहा, म्हणजे दोनदा रांगेत उभं राहावं लागत नाही.

३. देवघेव: इथेच दंड लागतो

प्रत्येक प्रतीला स्वतःचा दाखल क्रमांक असतो. एकाच पुस्तकाच्या वीस प्रती असतील तर वीस वेगळे क्रमांक. रूममेटकडे आणि तुमच्याकडे एकच पुस्तक असेल आणि प्रती अदलाबदल झाल्या, तर तुम्ही परत केलेली प्रत त्याच्या नावावरून कमी होते आणि तुमच्या नावावर दंड चढत राहतो. होस्टेलमध्ये हे सर्रास घडतं. पुस्तक आणल्याबरोबर दाखल क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

इश्यू करताना काउंटरवरच पानं चाळून घ्या. फाटलेली पानं, उसवलेली बांधणी दिसली तर तिथेच दाखवा आणि नोंद करून घ्या. नंतर "आधीपासूनच फाटलं होतं" हे सिद्ध करणं अवघड जातं.

सगळ्या प्रती बाहेर असतील तर आरक्षण करा. कोहामध्ये त्यासाठी 'प्लेस होल्ड' असं बटण असतं. ही सोय पाच टक्के मुलंसुद्धा वापरत नसतील असा माझा अंदाज आहे, त्यामुळे तुमचा नंबर लवकर लागतो. मुदतवाढ शक्यतो मुदत संपायच्या आदल्या दिवशीच घ्या. पुस्तक हरवलं तर गप्प बसू नका. बहुतेक ठिकाणी त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आणून देता येते, आणि ते दंड साचू देण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

४. बुक बँक

बुक बँकेत पूर्ण सेमिस्टरसाठी पुस्तकांचा संच मिळतो. अर्जाची मुदत छोटी असते आणि सूचना नोटीस बोर्डावर लागते, व्हॉट्सॲपवर येईलच असं नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची वेगळी पुस्तकपेढी योजना आहे. तिच्यात दोन विद्यार्थ्यांमागे एक संच धरलेला असतो. ती तुमच्या कॉलेजात चालते का, हे ग्रंथपालांना आणि स्टुडंट सेक्शनला, दोन्हीकडे विचारा. हा तुमचा हक्क आहे, विचारायला संकोच करू नका.

५. संदर्भ विभाग: कोड, डेटा बुक, हँडबुक

लोकल लेखकांची पुस्तकं परीक्षेला उपयोगी पडतात, हे मान्य. पण बीमला किती सळई लागते याचा अंतिम शब्द कोणत्याही पाठ्यपुस्तकाचा नसतो, तो भारतीय मानकाचा असतो. सिव्हिलवाल्यांना आयएस ४५६ (आरसीसी), आयएस ८०० (स्टील), आयएस ८७५ (भार) आणि आयएस १८९३ (भूकंप) ही मानकं चार वर्षं सोडत नाहीत. मेकॅनिकलला डिझाइन डेटा बुक आणि स्टीम टेबल, ड्रॉइंगला एसपी ४६. ही सगळी संदर्भ विभागात असतात आणि तिथेच बसून वापरायची असतात.

दुसऱ्या वर्षी एखाद्या दुपारी आयएस ४५६ घेऊन बसा आणि फक्त अनुक्रमणिका वाचा. सगळं समजणार नाही, समजायची गरजही नाही. कव्हर, डेव्हलपमेंट लेंग्थ, डिफ्लेक्शन यांची कलमं कुठे आहेत एवढं डोळ्यांखालून गेलं की तिसऱ्या वर्षी सर वर्गात कलम क्रमांक सांगतात तेव्हा धडकी भरत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की भारतीय मानकं पीडीएफमध्ये मोफत उतरवून घेता येतात. त्यामुळे अंधुक झेरॉक्स विकत घेण्याचं कारण उरलेलं नाही. पण मानक कोणत्या वर्षाचं आहे ते बघा. वाळू-खडीच्या आयएस ३८३ ची २०१६ ची आवृत्ती आलेली असताना आजही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये १९७० लिहिलेलं सापडतं, आणि काँक्रीटच्या मिक्स डिझाइनचं आयएस १०२६२ हे २०१९ चं असताना २००९ चं वापरलेलं दिसतं. मुलं सीनियरच्या रिपोर्टमधून उतरवतात, त्या सीनियरने त्याच्या सीनियरकडून उतरवलेलं असतं. बाहेरून आलेले परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतात.

परीक्षेत कोणता कोड चालेल ते प्रश्नपत्रिकेच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. परीक्षेला नेण्याच्या प्रतीवर पेन्सिलीनेही काही लिहू नका.

६. जुने पेपर, सिलॅबस आणि ब्लॅक बुक

विद्यापीठाचे जुने पेपर लायब्ररीत फाइल करून किंवा स्कॅन करून ठेवलेले असतात. घेताना पॅटर्न तपासा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात २०१९ आणि २०२४ च्या पॅटर्नमध्ये विषयाचं नाव सारखं असलं तरी युनिट आणि गुणांची विभागणी बदललेली असू शकते. मुंबई विद्यापीठ, लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेजं यांनाही हेच लागू.

मागच्या वर्षांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, म्हणजे मुंबईकडच्या मुलांच्या भाषेत ब्लॅक बुक, बहुतेक ठिकाणी तिथेच बसून वाचायला मिळतात. ते नक्कल करण्यासाठी वाचू नका. 'फ्यूचर स्कोप'चं पान आणि रेफरन्सची यादी वाचा. आपल्याच लॅबमध्ये आधी कोणतं यंत्र वापरलं, काय बंद पडलं, कुठे थांबले, हे तिथेच कळतं.

७. घरून आणि होस्टेलवरून लॉगिन

कॉलेजच्या वायफायवर जर्नलचे पेपर उघडतात आणि घरी पैसे मागतात, ही तक्रार मी रोज ऐकते. कारण साधं आहे. प्रकाशक कॉलेजचा इंटरनेट पत्ता ओळखतात, तुमचा नाही. घरून वापरण्यासाठी मायलॉफ्ट, निम्बस असा एखादा रिमोट ॲक्सेस किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) इन्फ्लिबनेट केंद्राची इन्फेड सेवा असते. तिच्यावर कॉलेजच्या ईमेलने लॉगिन करावं लागतं आणि ते खातं लायब्ररीकडूनच चालू करून घ्यावं लागतं. हे काम सुट्टी लागायच्या आत उरका.

तुमच्या कॉलेजला काय काय उघडतं हे कॉलेजवर अवलंबून आहे. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, असा तिचा आवाका आहे. एल्सेविअर, स्प्रिंगर नेचर, वायली, आयईईई हे सगळे तिच्यात आहेत. २०२५ पासून ती केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना लागू आहे. तुम्ही शासकीय कॉलेजात असाल तर जगातल्या मोठ्या विद्यापीठांतली मुलं जे पेपर वाचतात त्यातला बराचसा भाग तुम्हाला उघडा आहे, आणि हे माहीत नसलेली शासकीय कॉलेजातली मुलं मला अजून भेटतात. खासगी कॉलेजात मात्र कॉलेजने स्वतः घेतलेलं सबस्क्रिप्शनच चालतं. त्याची यादी लायब्ररीच्या पानावर असते.

सगळ्यांना मोफत असलेल्या गोष्टी वेगळ्या: आयआयटी खरगपूरने उभं केलेलं नॅशनल डिजिटल लायब्ररी, पीएचडी प्रबंधांसाठी शोधगंगा, व्हिडिओ व्याख्यानांसाठी एनपीटेल आणि स्वयम. मराठी माध्यमातून आलेल्यांनी आणखी तीन नावं लिहून घ्या. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, ई-कुंभ पोर्टलवर मराठीतली तांत्रिक पुस्तकं आहेत, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी ध्वनिफिती आहेत, आणि राज्याच्या भाषा संचालनालयाचे स्थापत्य, यंत्र, विद्युत अभियांत्रिकीचे परिभाषा कोश आहेत. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला अर्धा तास लागत असेल तर आधी मराठीतून संकल्पना पक्की करा आणि मग तेच पान पुन्हा वाचा. यात कमीपणा अजिबात नाही. माझे काही अतिशय चांगले विद्यार्थी याच वाटेने पुढे गेले आहेत.

८. शोधनिबंध शोधायची रीत, एका उदाहरणासह

कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांचा एक लाडका प्रोजेक्ट घेऊ: साखर कारखान्यातल्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेने काँक्रीटमधलं काही सिमेंट बदलायचं.

सर्च बॉक्समध्ये नुसतं 'बगॅस ॲश काँक्रीट' टाकलं की हजारो निकाल येतात आणि पहिले दहा उघडून मुलं दमतात. त्याऐवजी असं करा, शब्द अर्थातच इंग्रजीत टाइप करून.

आधी 'शुगरकेन बगॅस ॲश' हे तीन शब्द अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे ते सलग असलेलेच पेपर येतील. मग मोठ्या अक्षरांत 'अँड' आणि तुम्हाला मोजायची असलेली गोष्ट: 'कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ'. मग समानार्थी शब्द 'ऑर'ने जोडून कंसात: एससीबीए (याच राखेचं इंग्रजी लघुरूप), पोझोलान (चुन्याशी प्रक्रिया होऊन सिमेंटसारखं काम करणारा पदार्थ), सप्लिमेंटरी सिमेंटिशियस मटेरियल (सिमेंटच्या जोडीला वापरायचा पदार्थ). एकाच वस्तूला वेगवेगळे लेखक वेगवेगळी नावं देतात, म्हणून हा कंस फार महत्त्वाचा आहे. शेवटी वर्षाची चाळणी लावा आणि पहिल्यांदा फक्त रिव्ह्यू पेपर (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे) निवडा.

एक चांगला रिव्ह्यू पूर्ण वाचला की प्रोजेक्टचा प्रश्नच बदलतो. राख किती टक्के घालायची एवढंच मनात घेऊन तुम्ही आलेले असता. वाचल्यावर कळतं की राख कोणत्या तापमानाला जळाली यावर बरंच ठरतं. जास्त तापमानाला सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची सिमेंटच्या चुन्याशी होणारी प्रक्रिया मंदावते. कमी जळाली तर न जळलेला कार्बन उरतो आणि पाण्याची मागणी वाढते. म्हणजे कारखान्याच्या बॉयलरमधून आणलेलं पोतं तसंच मिक्सरमध्ये टाकून चालत नाही. आधी त्या राखेचं रासायनिक विश्लेषण करून घ्यावं लागतं. तुलनेसाठी फ्लाय ॲशचं (कोळशाच्या राखेचं) मानक, आयएस ३८१२, हाताशी ठेवायचं. सिलिशियस फ्लाय ॲशसाठी त्यात सिलिका, ॲल्युमिना आणि आयर्न ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के मागितलेले आहेत. हे सगळं १५० मिलिमीटरचा पहिला क्यूब टाकायच्या आधी कळलं तर अख्खं सेमिस्टर वाचतं.

त्या रिव्ह्यूपासून दोन दिशांना जा. मागे, म्हणजे त्याच्या रेफरन्सच्या यादीतले पेपर. पुढे, म्हणजे गूगल स्कॉलरवर 'साइटेड बाय' दाबून त्यानंतर आलेले पेपर. दहा-बारा पेपर झाले की तीच नावं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. तेव्हा थांबायचं.

यंत्र किंवा उपकरण बनवण्याचा प्रोजेक्ट असेल तर भारतीय पेटंट कार्यालयाच्या इनपास शोधयंत्रावर आणि गूगल पेटंट्सवरही बघा. तुमची 'नवी' कल्पना तिथे रेखाचित्रांसकट सापडू शकते, आणि त्या चित्रांतून खूप शिकायला मिळतं.

एआय चॅटबॉटकडून रेफरन्सची यादी मागू नका. लेखक खरे, जर्नल खरं आणि पेपर मात्र अस्तित्वातच नाही, असे रेफरन्स ते बेधडक देतात. कोणताही रेफरन्स रिपोर्टमध्ये घालण्याआधी त्याचा डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून पेपर उघडतो का ते बघा. एवढा नियम पाळला तरी तोंडी परीक्षेतली मोठी नामुष्की टळते.

९. पेपर उघडत नसेल तर

क्रमाने जा. आधी ब्राउझरमध्ये अनपेवॉल जोडा, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. मग लेखकाला ईमेल करा. चार ओळी पुरतात: तुम्ही कोण, कुठे शिकता, कोणता पेपर, कशासाठी. बरेच लेखक आनंदाने पाठवतात. तरीही नाही मिळालं तर ग्रंथपालांकडे जा. बरीच कॉलेजं डेलनेटची सदस्य आहेत. १९८८ मध्ये दिल्लीत सुरू झालेलं हे ग्रंथालयांचं जाळं एका लायब्ररीतलं पुस्तक किंवा लेख दुसरीला मिळवून देतं. ही मागणी फक्त तुमच्या लायब्ररीमार्फतच जाते. मागताना पूर्ण तपशील द्या: लेखक, शीर्षक, जर्नल, खंड, पानं, वर्ष, डीओआय. "बगॅसवरचा काहीतरी पेपर" असं सांगितलं तर त्यांनी तरी काय शोधायचं?

१०. रेफरन्स आणि सिमिलॅरिटी

पहिला पेपर उतरवला त्याच दिवशी झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर लावा. ते मोफत आहे. पेपर त्यात टाकत गेलात की वर्डमध्ये रेफरन्स आपोआप लागतात आणि आयईईईचे चौकटी कंसातले क्रमांक मधला एक पेपर काढला तरी स्वतः दुरुस्त होतात. बऱ्याच लायब्ऱ्या वर्षातून एकदा झोटेरो किंवा मेंडेलीची कार्यशाळा घेतात. झोटेरोने उचललेला तपशील एकदा डोळ्यांखालून घाला, कारण नावं आणि वर्षं कधी कधी चुकीची येतात.

साहित्यचोरीबाबत यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष बंदी आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. हे एमईचा प्रबंध आणि पीएचडी यांना लागू आहे. शोधनिबंधांसाठी त्याच नियमांत वेगळ्या शिक्षा आहेत. बीईच्या प्रोजेक्ट रिपोर्टला ते नियम थेट लागत नाहीत, पण कॉलेजं स्वतःची मर्यादा घालतात, ती गाइडना विचारून घ्या.

तपासणी लायब्ररीकडूनच करून घ्या. इंटरनेटवरच्या कुठल्याही मोफत साइटवर रिपोर्ट चढवू नका, तो मजकूर पुढे कुठे जातो ते तुम्हाला कळत नाही. आणि मसुदा तपासायला देताना "रिपॉझिटरीत साठवू नका", म्हणजे तपासणीच्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात ठेवू नका, असं स्पष्ट सांगा. पहिला मसुदा साठवला गेला तर अंतिम प्रत तुमच्याच मसुद्याशी जवळजवळ शंभर टक्के जुळलेली दिसते. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी हे कळलं तर निस्तरायला वेळ उरत नाही.

११. नव्या प्राध्यापकांसाठी

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात ग्रंथपालांना भेटा आणि पुस्तक मागणीचं वेळापत्रक विचारा. खरेदीचं बजेट ठरलेल्या महिन्यांत वापरलं जातं आणि नवा सिलॅबस आला की सगळे विभाग एकदम याद्या देतात. तुमच्या यादीत आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक), आवृत्ती, किती प्रती आणि कोणत्या विषयासाठी, हे सगळं असेल तर ती आधी पुढे सरकते. विषयासाठी वाचनाची यादी दिली असेल तर तिच्यातली दोन-दोन पुस्तकं संदर्भ प्रती म्हणून राखून ठेवायला सांगा, नाहीतर पहिल्या दिवशी पोहोचणाऱ्या पाच मुलांकडे ती सेमिस्टरभर राहतात.

पेपर कुठे पाठवायचा हेही लायब्ररीला विचारा. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तरी त्या नावावर जाहिराती चालूच आहेत. 'तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह' असा मेसेज आला की तो पुढे पाठवू नका, विद्यार्थ्यांना तर मुळीच नाही. जर्नल स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या जर्नल-सूचींमध्ये आज आहे का, आयएसएसएन (जर्नलचा क्रमांक) जुळतो का, संकेतस्थळ मूळ जर्नलचंच आहे की त्याची नक्कल, हे ग्रंथपाल काही मिनिटांत पाहून देतात. संशोधकाचा ऑर्किड ओळख क्रमांक आणि इन्फ्लिबनेटच्या विद्वान पोर्टलवरची नोंद त्यांच्याच मदतीने पूर्ण करा. नॅक-एनबीएच्या मूल्यांकनाच्या वेळी तीच माहिती मागितली जाते.

आणि एक विनंती. तुमच्या विषयाचा एक तास लायब्ररीत घ्या. टर्मवर्कमध्ये एक असाइनमेंट अशी ठेवा की ती करायला एक कोड आणि एक पेपर उघडावाच लागेल. मुलं त्याशिवाय तिकडे फिरकत नाहीत, यात दोष त्यांचा नाही.

१२. कॉलेज सोडताना

नो ड्यूजच्या (काही बाकी नसल्याच्या) फॉर्मवर लायब्ररीचा शिक्का लागल्याशिवाय लिव्हिंग सर्टिफिकेट आणि डिपॉझिट मिळत नाही. शेवटच्या पेपरनंतर गर्दी उसळते, म्हणून पेपर संपायच्या आधीच ओपॅकवर आपल्या खात्यात काही बाकी आहे का ते बघा. चुकीची नोंद दिसली तर पुस्तक परत केल्याची पावती किंवा दाखल क्रमांकाचा फोटो दाखवा. प्रोजेक्ट रिपोर्टची बांधलेली प्रत आणि पीडीएफ जमा केल्याची सही घ्या. डिपॉझिटच्या अर्जावर स्वतःच्या नावाचं बँक खातं लिहा आणि त्याची पोच घ्या.

कॉलेजचा ईमेल बंद झाला की रिमोट ॲक्सेसही बंद होतो. झोटेरोचं खातं त्या ईमेलवर उघडलं असेल तर ते आधी स्वतःच्या ईमेलवर बदलून घ्या, नाहीतर पासवर्ड विसरलात की यादीपर्यंत पोहोचणं अवघड होतं. नॅशनल डिजिटल लायब्ररी आणि मानक ब्युरोच्या खात्यांचंही तसंच करा. शोधगंगेला खात्याची गरजच नाही. नोकरीच्या पहिल्या साइटवर कुणीतरी आयएस ४५६ मधलं कलम विचारेल, तेव्हा पीडीएफ फोनमध्येच असू द्या.